रस्त्याचा लोकेशन मॅप कोऑर्डिनेट्सवर बसवा, चित्र चिकटवू नका

डीपीआरच्या (प्रकल्पाच्या सविस्तर अहवालाच्या) ड्रॉइंग संचात मुखपृष्ठ उलटलं की पहिला कागद लोकेशन मॅपचा. आणि बहुतेक ठिकाणी तो सगळ्यात शेवटी, जमा करायच्या आदल्या संध्याकाळी होतो. प्लॅन-प्रोफाइल, क्रॉस सेक्शन, पुला-मोऱ्यांची ड्रॉइंग आटोपली की गुगलवरून एक स्क्रीनशॉट घ्यायचा, त्यावर लाल रेघ ओढायची, कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण ठेवायचा, झालं. पण वन विभागाचा कर्मचारी, मोजणीला येणारा भूकरमापक, खडी-मुरमाचा लीड (वाहतुकीचं अंतर) काढणारा शाखा अभियंता, निविदा भरण्याआधी साइट बघायला निघालेला ठेकेदार, या सगळ्यांच्या हातात सगळ्यात आधी हाच कागद पडतो. यातले निम्मे लोक पुढचं पान उघडतही नाहीत. म्हणून हा नकाशा डिझाइनच्या अलाइनमेंटइतकाच खरा असला पाहिजे, आणि त्यासाठी तो डिझाइनच्याच कोऑर्डिनेट्सवर बसला पाहिजे. खाली जे लिहिलंय ते ऑटोकॅड आणि सिव्हिल थ्रीडी वापरणाऱ्यांसाठी आहे. सोबत क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर लागेल, ते फुकट मिळतं.

आधी स्केल

आयआरसी (इंडियन रोड्स काँग्रेस) एसपी १९ प्रमाणे की मॅप १:२,५०,००० आणि इंडेक्स मॅप १:५०,००० वर असतो. की मॅपमध्ये जिल्हा, मोठी गावं, महामार्ग, रेल्वे यांच्या संदर्भात रस्ता कुठे आहे ते दिसतं. इंडेक्स मॅपमध्ये रस्त्याच्या दोन्ही बाजूंची गावं, नद्या-नाले, तलाव, जोडरस्ते येतात.

कागद ए३ धरला तर चौकट आणि खालची टायटल पट्टी सोडून साधारण ३८० बाय २३० मिलिमीटर जागा उरते. १:५०,००० ला त्यात १९ बाय ११.५ किलोमीटरचा मुलूख मावतो, १:२,५०,००० ला ९५ बाय ५७. म्हणजे १४ किलोमीटरचा प्रजिमा (प्रमुख जिल्हा मार्ग) आरामात बसतो (२८० मिलिमीटर), पण २४ किलोमीटरचा सरळ रस्ता ४८० मिलिमीटर होतो आणि कागदाबाहेर जातो. इथे पुष्कळ जण ‘फिट टू पेपर’ दाबतात आणि १:६३,७४२ असं काहीतरी स्केल तयार होतं. तसं करू नका. एक तर मॅच लाइन देऊन दोन कागद करा, नाहीतर सरळ १:१,००,००० घ्या. माझं मत दुसऱ्या पर्यायाकडे झुकतं, कारण लोकेशन मॅपचा उपयोगच एका नजरेत सगळा रस्ता दिसण्यात आहे. वन प्रस्तावासाठी १:५०,००० चा टोपोशीटवरचा (सर्व्हे ऑफ इंडियाच्या छापील नकाशावरचा) नकाशा लागतो, तो वेगळा काढावाच लागतो.

मॉडेल मीटरमध्ये आणि कागद मिलिमीटरमध्ये असेल तर व्ह्यूपोर्टमध्ये झूमला द्यायचे आकडे असे: १:५०,००० साठी ०.०२ एक्सपी, १:१,००,००० साठी ०.०१ एक्सपी, १:२,५०,००० साठी ०.००४ एक्सपी. एकदा दिला की व्ह्यूपोर्ट लगेच लॉक करा. लॉक न केलेल्या व्ह्यूपोर्टमध्ये माउसचं चाक चुकून फिरलं की स्केल गेलं, आणि खाली लिहिलेला आकडा तसाच राहतो.

झोन ४३ की ४४

मराठवाड्याचा जवळजवळ सगळा भाग यूटीएम (मीटरमध्ये कोऑर्डिनेट्स देणारी नकाशा पद्धत) झोन ४३ मध्ये येतो. हा झोन ७२ ते ७८ अंश पूर्व रेखांशांचा, मध्य रेखांश ७५. क्यूजीआयएसमध्ये त्याचा कोड ईपीएसजी ३२६४३, ऑटोकॅडच्या यादीत यूटीएम८४-४३एन. अपवाद नांदेड जिल्ह्याच्या पूर्व टोकाचा. किनवट ७८ अंशांच्या पलीकडे आहे, म्हणजे झोन ४४ मध्ये, आणि माहूर अलीकडे, ४३ मध्ये. माहूर–किनवट पट्ट्यात काम असेल तर पहिल्याच दिवशी एक झोन ठरवून सर्व्हे, डिझाइन आणि नकाशा तिन्ही त्यातच ठेवा. डीजीपीएसवाल्याने (उपग्रहावरून अचूक मोजणी करणाऱ्याने) ४४ मध्ये दिलेले आकडे ४३ समजून टाकले तर किनवटचा रस्ता सहा अंश पश्चिमेला सरकतो आणि पालघरच्या पुढे अरबी समुद्रात जाऊन पडतो. ही चूक निदान लगेच दिसते. खाली ज्या चुका येतील त्या दिसत नाहीत, त्याच जास्त घातक.

यूटीएमच्या अंतरात आणि जमिनीवरच्या अंतरात थोडा फरक असतो हेही ध्यानात असू द्या. मध्य रेखांशावर, म्हणजे गंगापूरच्या आसपास, एक किलोमीटर नकाशात सुमारे ४० सेंटिमीटर कमी भरतो. ७८ अंशांजवळ तोच ८० सेंटिमीटर जास्त भरतो. लोकेशन मॅपवर हा फरक रेघेच्या जाडीतही दिसणार नाही. फक्त रस्त्याची लांबी नकाशावरून मोजून लिहू नका, ती डिझाइनच्या साखळीवरूनच (चेनेजवरून) घ्या.

ड्रॉइंग मूळ बिंदूपासून फार लांब आहे, नॉर्दिंग एकवीस लाखांच्या घरात आहे, म्हणून कुणी सगळं उचलून शून्यावर आणून ठेवतं. तिथेच नकाशा मेला. त्यानंतर कुठलीही केएमएल (गुगल अर्थची फाइल), कुठलाही टोपोशीट त्यावर बसणार नाही. लांबच्या आकड्यांमुळे हॅच वेडंवाकडं येत असेल तर हॅचचा ओरिजिन जवळ घ्या, यूसीएस बदला, पण वस्तू हलवू नका.

टोटल स्टेशनचा सर्व्हे १०००, १००० अशा मानलेल्या आकड्यांवर असेल तर निदान दोन बिंदूंचे डीजीपीएस आकडे मागून घ्या. रस्त्याच्या दोन टोकांजवळचे असले तर उत्तम, कारण जवळजवळचे दोन बिंदू घेतले तर थोडासा कोनही दुसऱ्या टोकाला मोठा फरक पाडतो. मग अलाइन कमांड द्या. शेवटी ती विचारते की स्केल करायचं का, तिथे ‘नो’ म्हणा. अलाइनमेंट कधीही स्केल करायची नसते.

टोपोशीटचं गणित

सर्व्हे ऑफ इंडियाचा १:५०,००० चा टोपोशीट १५ मिनिटं बाय १५ मिनिटांचा असतो. आपल्याकडे तो उत्तर-दक्षिण साधारण २७.७ आणि पूर्व-पश्चिम २६.३ किलोमीटर भरतो. जुन्या क्रमांकांनुसार छत्रपती संभाजीनगर ४७ एम/५ मध्ये, जालना ४७ एम/१३, नांदेड ५६ ई/८, लातूर ५६ बी/११. बीडची गोष्ट वेगळी. १९ अंश अक्षांश आणि ७५ अंश ४५ मिनिटं रेखांश यांचा छेद शहराला लागूनच आहे, त्यामुळे तिथे ४७ एम/१२, ४७ एम/१६, ४७ एन/९ आणि ४७ एन/१३ असे चार शीट एकमेकांना भिडतात. परभणीतही तसंच: ५६ ए/११, १२, १५ आणि १६. या दोन शहरांतून निघणाऱ्या रस्त्याला एक शीट पुरेल असं धरून चालू नका. चारही घ्या, प्रत्येकाची समासाची पांढरी पट्टी कापा आणि मग जोडा.

जुने शीट एव्हरेस्ट डेटमवर (अक्षांश-रेखांश ज्या पायावर मोजतात तो) आहेत, नव्या ओपन सीरिजचे डब्ल्यूजीएस ८४ वर. दोन्हींचे अक्षांश-रेखांश सारखेच दिसतात, पण जमिनीवर आपल्या भागात शंभर मीटरपेक्षा जास्त फरक पडतो. १:५०,००० वर तो दोन-तीन मिलिमीटर दिसतो, आणि तेवढ्यात रस्ता नाल्याच्या उजव्या काठावरून डाव्या काठावर जातो. म्हणून जुना शीट जिओरेफरन्स करताना (खऱ्या कोऑर्डिनेट्सवर बसवताना) कोपऱ्यांचे आकडे कल्याणपूर १९७५ मध्ये (ईपीएसजी ४१४६) द्या आणि मग ३२६४३ मध्ये रूपांतर करा. फक्त चार कोपऱ्यांवर थांबू नका. आतल्या पाच-पाच मिनिटांच्या खुणाही घ्या, कारण घडी घातलेला कागद स्कॅन करताना मधोमध ताणलेला असतो. शेवटी रेल्वे फाटक किंवा जुना पूल अशी न हललेली जागा उपग्रह चित्राशी ताडून पाहा. देऊळ घेऊ नका, टोपोशीटवरची देवळाची खूण खऱ्या जागेपासून थोडी सरकवून छापलेली असू शकते.

३०० डीपीआयला स्कॅन केलेल्या १:५०,००० शीटचा एक पिक्सेल म्हणजे जमिनीवर ४.२ मीटर. तेवढं पुरतं. ६०० डीपीआय घेऊन फाइल चौपट करण्यात अर्थ नाही.

सिव्हिल थ्रीडी किंवा मॅप थ्रीडी असेल तर मॅपआयइन्सर्ट कमांडने जिओटिफ (कोऑर्डिनेट्स सोबत असलेलं चित्र) आपोआप जागेवर बसतो. साध्या ऑटोकॅडमधला इमेज अटॅच मात्र त्यातले कोऑर्डिनेट्स वाचत नाही. तिथे चित्र आणून दोन ज्ञात बिंदूंवर अलाइन करावं लागतं, आणि चित्राच्या बाबतीत स्केलला ‘येस’ म्हणायचं. शीट आधीच यूटीएममध्ये रूपांतरित केलेला असेल तरच हे बरोबर बसतं.

रस्ते, नद्या आणि गावं कुठून आणायची

मागे टोपोशीट तसाच ठेवून छापलेला नकाशा झेरॉक्समध्ये काळा ठिक्कर पडतो. म्हणून टोपोशीट खाली संदर्भाला ठेवा आणि वर वेक्टर रेघांचा स्वच्छ नकाशा करा. क्यूजीआयएसमध्ये क्विकओएसएम प्लगइनने ओपनस्ट्रीटमॅपचे रस्ते, नद्या, रेल्वे मिळतात. ते ३२६४३ मध्ये बदला, १:५०,००० साठी १० मीटरच्या सहनशीलतेने सोपे करा (कागदावर ०.२ मिलिमीटर), रस्त्यांच्या वर्गानुसार वेगळे लेयर पाडून डीएक्सएफ काढा. सोपे न करता आणलेल्या एका तालुक्याच्या रेघांमध्ये इतके बिंदू असतात की ड्रॉइंग रांगायला लागतं. कोपऱ्यात ओपनस्ट्रीटमॅपच्या श्रेयाची ओळ टाका, ती त्यांच्या परवान्याची अट आहे.

डीएक्सएफ काढताना निर्देशांक पद्धत बदलायची राहिली तर सगळा तालुका अर्ध्या युनिटचा ठिपका होऊन येतो, कारण आकडे अंशांत असतात. काही जण तो ठिपका एक लाखाने स्केल करून ‘बसवतात’. तसा बसलेला नकाशा आडवा ताणलेला असतो: १९ अक्षांशावर एक अंश रेखांश १०५ किलोमीटरचा आणि एक अंश अक्षांश ११०.७ किलोमीटरचा. परत मागे जाऊन नीट एक्सपोर्ट करा.

आपला प्रोजेक्ट रोड मात्र ओपनस्ट्रीटमॅपवरून घ्यायचा नाही आणि हाताने गिरवायचाही नाही. डिझाइनची अलाइनमेंट एक्सरेफ म्हणून जोडा: इन्सर्शन ०,०, स्केल १, रोटेशन ०. मग कुठे बायपास आला, वळण सुधारलं, की नकाशा आपोआप बदलतो. डिझाइनच्या फाइलचं युनिट मिलिमीटर आणि नकाशाचं मीटर असेल तर एक्सरेफ हजारपट लहान येतो. दोन्हीकडे युनिट्समध्ये मीटर आहे ना, ते आधी बघा. सिव्हिल थ्रीडीची अलाइनमेंट साध्या ऑटोकॅडमध्ये उघडणार असाल तर आधी तिची साधी पॉलीलाइन करून घ्या.

उपग्रह चित्रावरून तलाव गिरवताना तारीख बघा. मे महिन्याच्या चित्रात माजलगाव किंवा मांजरा धरणाचा फुगवटा कितीतरी आत सरकलेला असतो, बुडीत क्षेत्रातल्या जुन्या वाटाही उघड्या पडलेल्या दिसतात. नकाशात पाण्याची रेघ धरण पूर्ण भरल्यावरची हवी. पावसाळा संपल्यानंतरचं, चांगल्या पावसाच्या वर्षाचं चित्र शोधा.

जुन्या टोपोशीटवरून जिल्ह्यांच्या हद्दी तर मुळीच घेऊ नका. जालना जिल्हा १९८१ चा, लातूर १९८२ चा, हिंगोली १९९९ चा. त्याआधीच्या सर्वेक्षणावर छापलेल्या शीटवर हे जिल्हे नाहीतच. महामार्गांचे क्रमांकही २०१० मध्ये बदलले: धुळे–सोलापूर आधीचा २११ आता ५२, कल्याण–निर्मल आधीचा २२२ आता ६१, पुणे–हैदराबाद आधीचा ९ आता ६५. छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव ही नावं २०२३ पासूनची, शेजारचं अहिल्यानगर २०२४ चं. समृद्धी महामार्ग संभाजीनगर आणि जालना जिल्ह्यांतून जातो, तो की मॅपवर हवाच.

गावांची नावं लिहिताना बु. आणि खु. गाळू नका. एकाच नाल्याच्या दोन काठांवर बुद्रुक आणि खुर्द अशी दोन वेगळी महसुली गावं असतात, त्यांचे गट नंबर वेगळे, तलाठी कधी कधी वेगळा. पिंपळगाव, वडगाव, बोरगाव तर दर तालुक्यात. भूसंपादनाची नोटीस नावावरूनच निघते. वस्त्या आणि तांडेही दाखवा. टोपोशीटवर ते सहसा नसतात आणि ग्रामीण मार्ग बहुतेक वेळा त्यांच्यासाठीच काढलेला असतो.

रेघा आणि अक्षरं

रंगावर विसंबू नका. निविदेच्या प्रती काळ्या-पांढऱ्या निघतात आणि लाल रेघ काळीच होते. फरक जाडीने आणि रेघेच्या प्रकाराने दाखवा: प्रोजेक्ट रोड ०.७०, राष्ट्रीय महामार्ग ०.५०, राज्यमार्ग ०.३५, प्रजिमा ०.२५, इजिमा (इतर जिल्हा मार्ग) आणि ग्रामीण मार्ग ०.१८. जाडी लाइनवेटने द्या. पॉलीलाइनची विड्थ मॉडेलच्या मीटरमध्ये असते, त्यामुळे एक मिलिमीटर दिसणारी रेघ १:५०,००० ला ५० मीटर आणि १:२,५०,००० ला २५० मीटर द्यावी लागते. एकच फाइल दोन्ही नकाशांना वापरता येत नाही.

हमखास येणारी तक्रार अशी: तुटक रेघ दिली, तरी रेघ अखंडच दिसते. दोन कारणं असतात. एक, पॉलीलाइनचे बिंदू इतके जवळजवळ आहेत की प्रत्येक तुकड्यात डॅश पुरा होत नाही. त्यावर पीलाइनजेन १ करा आणि आधी काढलेल्या पॉलीलाइनना प्रॉपर्टीजमधून लाइनटाइप जनरेशन चालू करा. दोन, एलटीस्केल. पीएसएलटीस्केल १ आणि एलटीस्केल १ ठेवा, मग व्ह्यूपोर्टमधला डॅश कागदाच्या मापाने येतो. स्केल बदलल्यावर रीजेनऑल द्यायला विसरू नका, नाहीतर जुनाच डॅश दिसत राहतो.

अक्षरं कागदावर २.५ मिलिमीटरपेक्षा लहान नकोत. ॲनोटेटिव्ह ठेवलीत तर दोन्ही स्केलला तीच चालतात. साधी हवी असतील तर १:५०,००० ला मॉडेलमध्ये उंची १२५ मीटर. गावाच्या नावाखालून रेघ जात असेल तर एमटेक्स्टला बॅकग्राउंड मास्क द्या आणि ड्रॉऑर्डरने वर आणा. मराठी नावांसाठी एसएचएक्स फॉन्ट चालत नाही, तिथे प्रश्नचिन्हं येतात. मंगल किंवा निर्मला यूआय घ्या, युनिकोडमध्ये टाइप करा आणि पीडीएफ काढून एकेक जोडाक्षर तपासा. ‘राष्ट्रीय’ नीट आलं तर बाकीचं बहुधा नीट येतं.

सुरुवात आणि शेवट या दोन्ही बिंदूंना साखळी (किमी ०/०००, किमी १४/२००) आणि अक्षांश-रेखांश लिहा. ही साखळी डिझाइनची की रस्त्यावरच्या किलोमीटर दगडांची, हेही लिहा. दोन्ही क्वचितच जुळतात. अक्षांश-रेखांशांची सगळ्यात महागडी चूक दशांश आणि मिनिटांच्या गोंधळाची आहे. १८ अंश ५९ मिनिटं म्हणजे दशांशात १८.९८३. कुणी ते १८.५९ असं लिहिलं की बिंदू ४३ किलोमीटर दक्षिणेला जातो, बीडचा रस्ता धाराशिव जिल्ह्याकडे. आकडा दिसायला अगदी बरोबर वाटतो, म्हणून कुणाच्याही नजरेत येत नाही. पोर्टलवर केएमएल चढवण्याआधी ती गुगल अर्थमध्ये उघडून बघा. गौताळा, नायगाव मयूर, येडशी रामलिंग घाट, जायकवाडी यांच्या जवळच्या कामात अभयारण्याची हद्दही याच नकाशावर येते आणि तिथे प्रत्येक मीटरला हिशेब विचारला जातो.

कागद आणि फाइल

ग्राफिक स्केल, म्हणजे मापपट्टी, पेपर स्पेसमध्ये काढाच. ए१ चा संच ए३ वर छापला की सगळं बरोबर निम्मं होतं, १:५०,००० चं १:१,००,००० होतं आणि २.५ मिलिमीटरची अक्षरं सव्वाची. आकड्यातलं स्केल तेव्हा खोटं पडतं, पट्टी मात्र कागदाबरोबर लहान होते.

जिओमॅपचं उपग्रह चित्र मागे ठेवायचं असेल तर त्या चौकटीपुरतं कॅप्चर करून घ्या, नाहीतर इंटरनेट नसलेल्या मशीनवर कागद कोरा येतो. चित्राची चौकट छापली जाऊ नये म्हणून इमेजफ्रेम २ ठेवा. पीडीएफमध्ये माउस नेला की पिवळ्या टिपा उघडत असतील तर त्या एसएचएक्स अक्षरांच्या आहेत, पीडीएफएसएचएक्स ० केलं की जातात.

फाइल पाठवताना नुसती डीडब्ल्यूजी पाठवू नका. समोरच्याला चित्राच्या जागी फक्त पाथ लिहिलेली रिकामी चौकट दिसते आणि एक्सरेफ म्हणजेच प्रोजेक्ट रोड गायब असतो. ईट्रान्समिटने एक्सरेफ, चित्रं, फॉन्ट आणि सीटीबी एकाच झिपमध्ये बांधा, पाथ रिलेटिव्ह ठेवा, आणि ती झिप दुसऱ्या मशीनवर एकदा उघडून मगच कार्यालयात द्या.